नाव मालकाचं, रात्र मॅनेजरची

अमरावतीचा बडनेरा रोड असो की अकोल्याचा मूर्तिजापूर रोड, परमिट रूममध्ये शिरलं की गल्ल्यामागच्या भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, काचेच्या चौकटीतला एक कागद दिसतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाची अनुज्ञप्ती. धंद्यातली माणसं तिला लायसन म्हणतात. नमुना एफएल-३, म्हणजे विदेशी मद्य बसून पिण्याची सोय असलेल्या जागेचा परवाना. गिऱ्हाईक तो कागद कधी वाचत नाही. त्यावर अनुज्ञप्तिधारकाचं नाव असतं, आणि हे गृहस्थ रात्री अकराला बहुधा आपल्या घरी असतात.

त्या वेळी तिथे हजर असतो तो मॅनेजर. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या पोराला रम द्यायची की नाही, पाय लटपटणाऱ्या माणसाला पुढचा पेग द्यायचा की बिल, शटर कधी ओढायचं, भांडण पेटलं तर पोलिसांना फोन करायचा की मालकाला, हे सगळं तो ठरवतो. बहुतेक मॅनेजर वेटरचं काम करत करत वर आलेले. कायद्याचं पुस्तक कुणी त्यांच्या हाती दिलेलं नसतं. कायद्याचा हात मात्र सगळ्यात आधी त्यांच्यापर्यंत पोचतो.

तीन रात्री

६ डिसेंबर २०२५च्या रात्री गोव्यात हडफड्याच्या एका नाइटक्लबला आग लागली. २५ माणसं मेली आणि त्यांत बहुतेक तिथलेच कामगार होते. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी धरले ते मॅनेजर: मुख्य व्यवस्थापक, बारचा व्यवस्थापक, दारावरचा व्यवस्थापक. मालक तोवर विमानानं थायलंडमधल्या फुकेतला पोचले होते. त्यांना परत आणायला डिसेंबरचा मध्य उजाडला.

त्याआधी आठ वर्षं, २९ डिसेंबर २०१७ला, मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या पबमध्ये आग भडकली आणि १४ जणांचा जीव गेला. तिथेही मालक हाती लागण्याआधी मॅनेजर अटकेत होते. गिऱ्हाइकांना बाहेर काढायचं सोडून ते आपणच पळाले, असा पोलिसांचा आरोप होता.

तिसरी रात्र पुण्याची. १९ मे २०२४ला कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलानं भरधाव पोर्श मोटार दुचाकीवर घातली आणि दोन तरुण अभियंते जागीच गेले. मुलगा त्या रात्री दोन ठिकाणी बसला होता. दोन्हीकडच्या मद्य देणाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला आणि अटक झालेल्यांत मालकांबरोबर मॅनेजरही होते. तिथे दारूबंदी कायद्याच्या जोडीला बाल न्याय अधिनियम, २०१५ लागला. त्याच्या कलम ७७प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला मद्य दिलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मद्य देणारा आला की त्यात टेबलावर ग्लास ठेवणारा आणि ठेवायला सांगणारा दोघेही आले.

गोवा, मुंबई, पुणे ही मोठ्या पैशाची गावं, आपल्या वऱ्हाडात कुठं पब, असं म्हणून हा विषय उडवता येणार नाही. मुंबई-पुण्याला लागतो तोच कायदा इथेही आहे. फरक इतकाच, की इथल्या मॅनेजरचं नाव राष्ट्रीय बातम्यांत येत नाही.

कलम ७९

महाराष्ट्रातल्या प्रत्येक परमिट रूमच्या मुळाशी १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम आहे. आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. त्याची रचना समजली की पुढचं सगळं समजतं. हा कायदा आधी सगळं बंद करतो आणि मग परवान्यानं एकेक फट उघडतो. विकायला परवाना, बाळगायला परवाना, प्यायलाही परवाना. १९५१मध्ये 'मुंबई राज्य विरुद्ध बलसारा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा सांगाडा उभा ठेवला. त्यामुळे परवान्याची अट मोडली, की माणूस परवान्याच्या छपराखालून थेट बंदीच्या उघड्यावर येतो.

अट मोडणं हा कलम ८२खाली गुन्हा आहे. परवानाधारकाच्या गैरवर्तनाचं कलम ७७ वेगळं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला परवाना न दाखवण्यापासून आपल्या जागेत नशेतला धिंगाणा किंवा जुगार चालू देण्यापर्यंतच्या गोष्टी त्यात येतात. जिल्हाधिकारी कलम ५४खाली लायसन निलंबित किंवा रद्द करू शकतात. अट मालकानं मोडली की त्याच्या नोकरानं, यानं फरक पडत नाही. त्यावर आयुक्तांकडे अपील आणि पुढे शासनाकडे पुनरीक्षण अशी वाट आहे. कलम १०४खाली तडजोड रक्कम भरून काही प्रकरणं मिटतात.

या सगळ्यांत मॅनेजरनं पाठ करावं असं कलम ७९ आहे. नोकरानं गुन्हा केला तर प्रत्यक्ष गुन्हा करणाऱ्याबरोबर परवानाधारकही जबाबदार, जणू त्यानंच तो केला, असं हे कलम सांगतं. इथवर वाचून मॅनेजरला हायसं वाटेल. पण पुढे एक सूट आहे: गुन्हा होऊ नये म्हणून आपण सगळी योग्य ती खबरदारी घेतली होती, असं परवानाधारकानं सिद्ध केलं तर तो सुटतो.

ही खबरदारी सिद्ध कशी करायची? कागदानं. 'एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही' ही भिंतीवरची पाटी. 'वेळेनंतर मद्य देऊ नये' अशी सही घेतलेली लेखी सूचना. ओळखपत्र तपासण्याचा आदेश. नीट सल्ला मिळालेला मालक ही फाइल तयार ठेवतो आणि प्रसंग आला की म्हणतो, साहेब, मी तर सांगून ठेवलं होतं. मग उरतो 'प्रत्यक्ष गुन्हा करणारा'. रात्री साडेअकराला फोनवर 'आपली माणसं आहेत, बसू दे' असं जे सांगितलं गेलं त्याचा कागद कुठेच नसतो.

नोकरनामा

मॅनेजर नावाचा कुणी आहे हे उत्पादन शुल्क विभागाला कळतं ते नोकरनाम्यातून. परवान्याच्या जागेत मद्यविक्रीच्या कामावर असलेल्या माणसाचं नाव विभागाकडे देऊन, फी भरून मंजूर करून घ्यायचं असतं. मंजूर नोकरनामा नसलेला माणूस मद्य देताना सापडला, की तो नियमभंग. तपासणीत सहज सापडणारी आणि सगळीकडे आढळणारी ही चूक आहे, कारण या धंद्यात माणसं टिकत नाहीत. दिवाळीला गावी गेलेला वेटर परत येत नाही, त्याच्या जागी भाचा उभा राहतो, आणि भाच्याचा नोकरनामा कुणी करत नाही.

मॅनेजरच्या दृष्टीनं हा कागद दुधारी आहे. तो असला की प्रकरणात आपलं नाव पक्कं. नसला तर ते अधिक वाईट: आपण तिथे कुठल्या नात्यानं उभे होतो, पगार कोण देत होता, हुकूम कोणाचा होता, यातलं काहीच दाखवता येत नाही. अशा वेळी नोकर आणि बेकायदा विक्रेता यांच्यातलं अंतर फार थोडं राहतं. म्हणून नव्या नोकरीवर पहिल्याच दिवशी मागायच्या दोन गोष्टी म्हणजे नेमणुकीचं पत्र आणि नोकरनामा.

मालक मोठा आणि मॅनेजर लहान का, याचं एक कारण बाजारात आहे. वाइन शॉप आणि देशी दारूच्या दुकानांचे नवे परवाने देणं राज्यानं १९७०च्या दशकापासून थांबवलं. जुन्या परवान्यांना त्यामुळे सोन्याचा भाव आला. ते वारसानं, भागीदारीनं, हस्तांतरानं हातोहात फिरतात. परमिट रूमचे परवाने मिळतात, पण त्यांनाही जागा, अंतर, फी यांचे अडथळे आहेत. ज्याच्याकडे लायसन आहे त्याच्याकडे मिळकत आहे. मॅनेजरकडे फक्त नोकरी.

बंदीचं जुनं ठाणं

वऱ्हाडाला दारूबंदी मुंबईहून आली असा समज आहे, पण इथे ती आधीच येऊन गेली होती. १९३७मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली आणि मध्यप्रांत-वऱ्हाडानं १९३८मध्ये स्वतःचा दारूबंदी कायदा केला. बंदी एकदम सगळीकडे लावली नाही; काही भाग निवडून प्रयोग केला. त्या पहिल्या यादीत अकोला जिल्ह्यातला अकोट तालुका होता आणि गिरणीचं बडनेराही होतं. ज्या बडनेरा रोडवर आज पाट्या झगमगतात त्याच्या टोकाचं गाव देशातल्या सुरुवातीच्या दारूबंदीच्या प्रयोगांत होतं. पुढे १९५६मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५९च्या विस्तार कायद्यानं मुंबईचा दारूबंदी अधिनियम इथे लागू झाला.

कायद्याच्या आधी आणि कायद्यापेक्षा जोरानं इथे कीर्तनानं काम केलं. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. हातात खराटा घेऊन त्यांनी गावोगाव दारूवर कोरडे ओढले. तुकडोजी महाराजांनी तिवसा तालुक्यातल्या मोझरीहून खंजिरीवर तेच सांगितलं. त्याच तिवसा आणि धामणगाव भागाच्या पलीकडे वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो, आणि तिथे १९७०च्या दशकापासून बंदी आहे. नदीच्या अलीकडच्या दुकानदाराला आणि मॅनेजरला याचा अर्थ चांगला कळतो. एकाच माणसाला रोज पेट्याच्या पेट्या देताना हा माल कुठं चालला, असा प्रश्न त्याला पडला नाही असं उद्या कुणी मानणार नाही. उत्तरेला मेळघाटापलीकडे मध्य प्रदेश. तिकडची, तिथेच विकायची असा शिक्का असलेली बाटली इथल्या काउंटरखाली सापडली, तर तो परवान्याच्या अटीचा किरकोळ भंग राहत नाही. ते कलम ६५चं प्रकरण होतं, आणि त्यात तुरुंग आहे.

बावीस वर्षांचा अभियंता

अमरावती आणि अकोला ही आज विद्यार्थ्यांची शहरं आहेत. एकीकडे गाडगेबाबांच्याच नावाचं विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं, दुसरीकडे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. या पोरांचं वय अठरा ते चोवीस. आणि महाराष्ट्राचा वयाचा नियम नेमका याच पट्ट्यात अडकतो: सौम्य बिअर आणि वाइनला २१ वर्षं पूर्ण हवीत, कडक मद्याला २५.

म्हणजे निकाल लागल्याच्या संध्याकाळी एका टेबलावर चौघं बसले आहेत असं समजा. वीस वर्षांच्या पोराला काहीच देता येत नाही. बावीस आणि चोवीसच्या दोघांना बिअर चालते, व्हिस्की नाही. पंचविशी ओलांडलेल्या चौथ्याला सगळं चालतं. बाटली मात्र मधोमध ठेवायची असते आणि बिल एकच असतं. मॅनेजरनं काय करायचं? कायद्याचं उत्तर सरळ आहे: चौघांची ओळखपत्रं बघायची आणि ज्याला जे चालतं तेच त्याच्यापुढे ठेवायचं. प्रत्यक्षात "भाऊ, पोट्टे शिकलेले हायेत, काऊन एवढं लावता?" या एका वाक्यावर कायदा गुंडाळला जातो.

मिशा बघून वय ठरवणं हा बचाव होत नाही. आधार, वाहन परवाना किंवा निवडणूक ओळखपत्र मागितलं, आणि नसेल तर नाही म्हटलं, तरच खबरदारी घेतली असं म्हणता येतं. गिऱ्हाईक रागावून समोरच्या बारमध्ये जाईल ही भीती खरी आहे. पण एकविशीच्या आत दिलेला ग्लास नियमभंग असतो आणि अठराच्या आत दिलेला ग्लास सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा, हा हिशेब समोरच्या बारच्या गल्ल्यापेक्षा मोठा आहे.

पाच रुपयांचा कागद

पिणाऱ्यालाही परवाना लागतो हे वऱ्हाडातल्या दहांपैकी नऊ पिणाऱ्यांना खरं वाटत नाही. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्याला पाच रुपयांचा, देशीला दोन रुपयांचा. वर्षाचा शंभर, आजीवन हजार रुपयांचा. परमिट रूममध्ये एकदिवसीय परवान्यांची पुस्तकं ठेवलेली असतात, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावानं तो भरून द्यायचा असतो.

गिऱ्हाईक नाव सांगत नाही, गर्दीत विचारायला कुणाला वेळ नसतो, आणि मग नावं टेबलावर नव्हे तर शटर ओढल्यावर भरली जातात. ज्या दिवशी अपघात होतो, मारामारी होते, त्या दिवशी पोलिस पहिल्यांदा तेच पुस्तक मागतात. अमुक माणूस इथे प्यायला होता का, किती वाजता, वय किती. पुस्तकात त्याचं नाव नसेल तर विनापरवाना दिली. खोटंच कुणाचं नाव असेल तर ते आणखी अवघड, कारण अक्षर मॅनेजरचं असतं. साठ्याच्या नोंदवहीचंही तसंच. सकाळचा साठा, आलेला माल, विकलेला माल, शिल्लक. फडताळातल्या बाटल्या आणि वहीतला आकडा जुळला नाही तर उत्तर द्यायला समोर मॅनेजरच असतो. पेग मोजायचं मापही वैधमापन विभागाच्या शिक्क्याचं हवं. नजरेनं ओतलेला पेग गिऱ्हाइकालाही फसवतो आणि हिशेबालाही.

शटर कधी ओढायचं

परमिट रूमच्या वेळा पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत वेगळ्या आणि हद्दीबाहेर वेगळ्या आहेत. अमरावती शहराला पोलिस आयुक्तालय आहे, अकोल्याला जिल्हा पोलिस अधीक्षक. त्यामुळे अमरावतीत काम करून अकोल्यात आलेल्या मॅनेजरनं 'तिकडं तर चालत होतं' असं म्हणून भागत नाही. आपल्या परवान्यावरची वेळ आणि तिच्यावरचा ताजा आदेश वाचायचा. नाताळ आणि ३१ डिसेंबरला गृह विभाग पहाटेपर्यंतची सवलत देतो, पण ती तेवढ्याच रात्रींपुरती. ऑक्टोबर २०२५मध्ये राज्यानं दुकानं चोवीस तास उघडी ठेवता येतील असं स्पष्ट केलं, तेव्हाही मद्याच्या जागा त्यातून बाहेर ठेवल्या.

ड्राय डेची यादी पाठ असावी लागते आणि निवडणुकीत ती लांबते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५क प्रमाणे मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास हॉटेल, खानावळ, दुकान, कुठंही, सार्वजनिक असो वा खासगी, मद्य विकता, देता किंवा वाटता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २६ एप्रिल २०२४ला अमरावती आणि अकोला दोन्ही लोकसभा मतदारसंघांत मतदान होतं, आणि शटरं २४च्या संध्याकाळी पडली. जानेवारी २०२६मध्ये दोन्ही महापालिकांची मतदानं आणि मतमोजणी लागोपाठ आली. अशा वेळी जिल्हाधिकारी दारूबंदी अधिनियमाच्या कलम १४२खाली बंदचे आदेश काढतात. तो आदेश मालकाच्या नावानं येतो. पुढारी मात्र मागच्या दारानं मॅनेजरलाच हाक मारतो.

महामार्गाच्या कडेला

सुरतहून कोलकात्याकडे जाणारा जुना सहा क्रमांकाचा महामार्ग, आताचा ५३, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा वऱ्हाडाच्या पोटातून जातो. जून २०२२मध्ये याच अमरावती-अकोला टप्प्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, वेग वाढला.

त्याआधी याच रस्त्यानं मद्यधंद्याला मोठा धक्का दिला होता. १५ डिसेंबर २०१६ला सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा निकाल दिला. तो १ एप्रिल २०१७पासून लागू झाला आणि आदल्या दिवशीच्या आदेशानं तो बार-हॉटेलांनाही लागतो हे स्पष्ट झालं. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना २२० मीटरची सवलत मिळाली. जुलै २०१७ आणि फेब्रुवारी २०१८च्या आदेशांनी शहरी हद्दीसाठी बंधन सैल झालं. मधल्या काळात ज्यांची नोकरी गेली त्यांत मालक कमी, मॅनेजर आणि वेटर जास्त होते.

महामार्गावर पिणं मात्र थांबलं नाही, ते धाब्यांवर सरकलं. धाब्याला परवाना नसतो. बाहेरून आणलेली बाटली, वरून पाणी आणि चकना. कलम ६८ अशा ठिकाणाला दारूचा अड्डा मानतं, आणि तिथे पिणाऱ्यालाही कलम ८४ सोडत नाही. धाबा सांभाळणारा पोरगा 'मी तं फक्त ग्लास देल्ले' म्हणतो, पण ग्लास, पाणी आणि बसायला जागा देणं हाच तिथे गुन्हा.

आता परवान्याच्या परमिट रूममधून नियमात वागून, भरपूर पिऊन, एखादा पंचेचाळीस वर्षांचा माणूस गाडीची किल्ली घेऊन उठतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असेल तर तो गुन्हेगार. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. त्यानं पुढे कुणाला चिरडलं तर मॅनेजरचं काय? अमेरिकेतल्या अनेक राज्यांत झिंगलेल्याला आणखी पाजणाऱ्या बारवर नुकसानभरपाईचा दावा करता येतो. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. पण झिंगलेल्याला मद्य देऊ नये ही परवान्याची अट आहेच, आणि पुण्यानंतर पोलिसांनी मागे वळून काउंटरकडे बघायला सुरुवात केली आहे. किल्ली मागून घेणं, ऑटो बोलावणं, घरी फोन करणं कुठल्या कलमात लिहिलेलं नाही. ते केलं तर मात्र खबरदारी घेतली असं म्हणायला जागा राहते.

ज्या कायद्यांत मॅनेजरचं नाव आहे

दारूबंदी अधिनियम मॅनेजरला नोकर म्हणून ओळखतो. इतर काही कायदे त्याला थेट हाक मारतात. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे २००८चे नियम मालक, व्यवस्थापक, पर्यवेक्षक, जो कुणी प्रभारी असेल त्याला जबाबदार धरतात. त्याच्या जागेत कुणी सिगारेट पेटवली आणि त्यानं रोखलं नाही, तर जितके पिणारे तितका दंड त्याच्यावर. तीसपेक्षा कमी खुर्च्यांच्या उपाहारगृहात स्वतंत्र धूम्रपानकक्षाची सोयही नाही. हुक्का पार्लर तर राज्यानं २०१८मध्ये कमला मिलच्या आगीनंतर बंदच केले.

आगीबाबत २००६चा महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायदा मालकाबरोबर जागा वापरणाऱ्यालाही धरतो. दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. प्रमाणपत्र कुणीतरी आणून देतं. मागच्या जिन्यात रिकाम्या पेट्या रचल्या आहेत का, हे मॅनेजरनंच बघायचं असतं. वऱ्हाडातल्या पहिल्या मजल्यावरच्या, एकच अरुंद जिना असलेल्या परमिट रूममध्ये हा प्रश्न कागदाचा राहत नाही. मद्य हे कायद्यानं अन्नही आहे, म्हणून अन्नसुरक्षेचा परवाना वेगळा. त्यात कंपनीला जबाबदार व्यक्ती नेमता येते, आणि कोऱ्या अर्जावर सही मागितली जाते ती पुष्कळदा मॅनेजरची.

दोन्हीकडून दाब

हे सगळं पाळायचं तर धंदा बरा चालायला हवा, आणि गेली दोन-तीन वर्षं परमिट रूमवाले कुरकुरत आहेत. १ नोव्हेंबर २०२३पासून परमिट रूमवरचा मूल्यवर्धित कर ५वरून १० टक्के झाला. जून २०२५मध्ये विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपटीपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. परवाना फीही वाढली. १४ जुलै २०२५ला राज्यभरातल्या बारवाल्यांनी एक दिवस शटर बंद ठेवून निषेध केला. दर वाढले की गिऱ्हाईक वाइन शॉपमधून पव्वा घेऊन धाबा गाठतं. मग रिकाम्या टेबलांकडे बघत मालक मॅनेजरला म्हणतो, वेळ थोडी ताणा, पोरांना नाही म्हणू नका. त्यात हप्त्याची कुजबुज असते. हप्ता देणाऱ्याला वाटतं की आपण सुरक्षित झालो. अपघात झाला, लहान पोर मेलं, बातमी आली, की तो हप्ता कुणालाच आठवत नाही. कलमं तेवढी आठवतात.

काय करता येईल

इंग्लंडमध्ये २००३च्या कायद्याप्रमाणे मद्यविक्रीच्या जागेला एक नेमलेला पर्यवेक्षक लागतो आणि त्याच्याकडे स्वतःचा वैयक्तिक परवाना असावा लागतो. न्यूझीलंडच्या २०१२च्या कायद्यात तर मद्य विकलं जात असताना प्रमाणपत्रधारक मॅनेजर हजर असलाच पाहिजे आणि त्याचं नाव गिऱ्हाइकाला दिसेल असं लावलेलं असलं पाहिजे. प्रमाणपत्रासाठी शिकावं लागतं. चुकला तर प्रमाणपत्र जातं. आणि आपलं प्रमाणपत्र जाईल म्हणून तो मालकालाही 'नाही' म्हणू शकतो. जबाबदारीबरोबर त्याला तेवढा अधिकार मिळालेला असतो.

आपल्याकडे हे करायला नवा कायदा लागत नाही. नोकरनाम्याची पद्धत आहेच. मॅनेजरच्या नोकरनाम्याला दोन दिवसांच्या मराठी प्रशिक्षणाची अट जोडता येईल. अमरावती आणि अकोल्याच्या उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयांनी परवाना नूतनीकरणाच्या वेळी ते घेतलं तरी सुरुवात होईल. वय, वेळ, परवाना, आग आणि झिंगलेलं गिऱ्हाईक, हे पाच धडे पुरे. हजर मॅनेजरचं नाव लायसनच्या चौकटीखाली लावावं. आणि वेळेनंतर मद्य द्यायला सांगणारा मालकाचा तोंडी हुकूम सिद्ध झाला, तर कलम ७९मधली खबरदारीची सूट त्याला मिळू नये.

तोवर गल्ल्यावरच्या भावाला एवढंच सांगणं: नेमणुकीचं पत्र मागा, नोकरनामा मागा, भिंतीवरचं लायसन एकदा पुरतं वाचा आणि मालकाचा प्रत्येक वाकडा हुकूम फोनवर नको, लिहून मागा. जो मालक लिहून द्यायला तयार नाही, त्याचा तो हुकूम पाळू नका. त्या रात्री फार तर नोकरी जाईल. हुकूम पाळला तर तुरुंगात जावं लागेल ते तुम्हालाच.